कासिल्दा कायोचं मानाचं वर्ष

विलाकोयो गावात खळ्यावर धान्य मोजत नाहीत. किनवा झोडून, वाऱ्यावर उफणून दाण्यांची रास पडली की माणसं भोवती बसतात, राशीवर थोडी दारू शिंपडतात, धरणीमातेला तिचा घोट पाजतात आणि मग नजर जरा दुसरीकडे ठेवूनच पोती भरायला घेतात. अशा वेळी कुणा उपऱ्याने "यंदा किती झालं?" असं विचारलं, तर शेजारची म्हातारी त्याला कोपराने अशी ढोसते की पुढचा शब्द घशातच राहावा. धान्याला जीव असतो, मोजलं की ते रुसतं, आणि रुसलं की पुढच्या साली शेजाऱ्याच्या खळ्यावर जाऊन बसतं. अशा गावात एक पोर जन्माला यावी आणि तिने नेमकं हिशेबनीस व्हावं, ही देवाची थट्टाच म्हणायची.

कासिल्दा कायो तिचं नाव. बाप लवकर गेला. घरात आई, भाऊ फेर्मिन आणि मूठभर लामांचा कळप. आईने तिला ओरुरो शहरात एका खानावळीत भांडी घासायला पाठवलं. खानावळवाली तोंडाने तिखट, पण मनाने बरी. हात झिजवतेस तशी अक्कलही झिजव, म्हणत तिने पोरीला संध्याकाळच्या वाणिज्य शाळेत घातलं. कासिल्दाच्या बोटांना कांद्याचा वास यायचा म्हणून शेजारच्या मुलींनी एकेक करून बाक बदलला. सगळा बाक तिचा एकटीचा झाला, आणि वह्या पसरायला ऐसपैस जागा मिळाली. हे ती स्वतःच सांगायची आणि सांगता सांगता इतकी हसायची की ऐकणाऱ्याला त्यात दुखण्यासारखं काही होतं, हे दुसऱ्या दिवशी लक्षात यायचं.

साखरेच्या पोत्यांवर बसून ती ट्रकने गावी परतली तेव्हा तिच्या खिशात तिच्या नावाचा गोल शिक्का होता. गावाला वाटलं, सरकारने आपलीच पोर आपल्यावर दंड बसवायला धाडली. नेमेसियो लुपा नावाचा एक तरणा गडी होता, त्याने त्याच दुपारी आपली गाढवं डोंगराआड नेऊन बांधली. पुढे हाच नेमेसियो तिचा कोंपाद्रे झाला. माणसाच्या मुलाचं जावळ काढताना पहिली बट ज्याने कापली, तो त्या मुलाचा धर्माचा आईबाप आणि मुलाच्या बापाचा कोंपाद्रे; बाई असली तर कोमाद्रे. हे नातं आपल्या इकडे सख्ख्या भावाच्या वरचं. भाऊ नशिबाने मिळतो, कोंपाद्रे आपण निवडतो. नेमेसियोच्या लिंबर्तचं जावळ कासिल्दाने काढलं, आणि त्या बटेबरोबर तिने पोराच्या शाळेचाही अर्धा भार उचलला.

पण ते नंतरचं. आधी तिला काम कसं मिळालं ते सांगायला हवं.

परदेशचे व्यापारी किनवा घ्यायला लागले तेव्हा शेतकऱ्यांचा संघ झाला. व्यापाऱ्यांना प्रत्येक शेतकऱ्याचे कागद हवे होते: काय पेरलं, किती निघालं, मजुरी किती गेली. शहरातून दोन साहेब आले, सरळ खळ्यावर गेले आणि विचारलं, किती क्विंटल? कुणी बोलेना. साहेबांनी कागदावर लिहिलं की इथले लोक सहकार्य करत नाहीत, आणि उन्हाने लाल होऊन परत गेले. मग संघाने कासिल्दाला बोलावलं. ती खळ्यावर गेलीच नाही. एकेका शेतकऱ्याच्या घरी गेली, चुलीपाशी बसली, पेजेचा वाडगा हातात घेतला आणि विचारलं, "दादा, यंदा मेव्हण्याकडून पोती किती उसनी आणावी लागली?"

झालं. मेव्हण्याची पोती म्हटल्यावर माणूस कशाला गप्प बसतो? किती आणली, त्यांतली किती फाटकी होती, किती त्याने खरं तर माझ्याच बापाकडून नेलेली होती, सगळं बाहेर यायचं. घरची पोती किती ते बायको सांगायची. धान्य कुणी मोजलं नाही, पोती मोजली. धान्य रुसायचं काही कारणच उरलं नाही.

मजुरीचा रकाना मात्र पहिल्या वर्षी तिच्या अंगाशी आला. आपल्याकडे आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या; पैसा कुणी कुणाला देत नाही. म्हणून तिने मजुरीपुढे शून्य लिहिलं. करकचेरीला वाटलं, खर्च नाही तर नुसता नफाच नफा, आणि गावाला नोटिसा आल्या. सहा महिने बायका तिला पाहून दार लावायच्या. पुढच्या साली तिने प्रत्येक घराने दुसऱ्यांकडे राबलेले आणि दुसऱ्यांनी त्या घराकडे राबलेले दिवस लिहून त्यांची मजुरी धरली. कचेरीने कागद परत पाठवले, तिने परत धाडले, त्यांनी पुन्हा परत पाठवले. शेवटी कुणीतरी कंटाळून शिक्का मारला. त्या दिवसापासून आसपासच्या वाड्यांवरून तिला बोलावणी यायला लागली.

बावीस वर्षं ती सायकलवरून हिंडली. खारट वारा, ओठ फुटलेले, पाठीवर कापडात बांधलेली कागदांची वळकटी. मोबदला म्हणजे कधी लामाचं सुकं मटण, कधी चीज, कधी गोठवून सुकवलेले काळे बटाटे; बोलिव्हियानोची नोट पाहायला मिळाली तर ती दुमडून दुमडून इतकी बारीक झालेली की उलगडताना भीती वाटावी. पोट भरायचं, खिसा नाही. पण कुठल्याही वाडीत शिरली की कुत्रीसुद्धा भुंकत नसत, याचा तिला अभिमान होता.

एकच गोष्ट टोचायची. तिने लग्न केलं नव्हतं. कोण करणार होतं, आणि कधी? आपल्या गावात माणूस जोडीने पुरा होतो. दरवर्षी पाळीपाळीने एक नवराबायको गावाचे आईबाप होतात. पोंचो, शाल, चाबूक, पाठीवर मानाचं गाठोडं. वर्षभर भांडणं मिटवायची, शिवा चालायच्या, सणाला सगळ्या गावाला जेवू घालायचं. ही सर्वांत वरची पायरी, आणि ज्याने ती चढली नाही तो कितीही पिकला तरी पोरच. सभेत कासिल्दा उभी राहून सगळ्या संघाचा जमाखर्च सांगायची, लोक माना डोलवायचे, आणि निवाड्याची वेळ आली की कुणीतरी म्हणायचं, "पोरी, आता जरा बाहेर बस." पन्नाशीला टेकलेली पोर बाहेर भिंतीशी जाऊन उन्हात बसायची.

मग कारखान्याची गोष्ट निघाली. किनव्याच्या दाण्याला कडू साल असते, ती धुऊन काढावी लागते. आजवर आपलं धान्य धुवायला दुसरीकडे जायचं. गावातच धुण्याचं यंत्र यावं म्हणून कासिल्दाने अर्ज केले, ओरुरोच्या कचेऱ्यांचे जिने झिजवले, आणि शेवटी यंत्र मंजूर झालं. त्याबरोबर एक पगारी जागा मंजूर झाली, हिशेबनीस आणि व्यवस्थापक. दरमहा पगार, वेगळी खोली, खोलीत शेगडी. गावात पगार म्हणजे काय हे तोवर फक्त मास्तरला माहीत. त्या जागेवर गाव निवडेल तो बसणार होता. पण दुसरं कोण बसणार? कासिल्दाचे गुडघे सायकलवरून उतरताना आता वाजायचे. खोली बांधून झाली त्या दिवशी ती आत जाऊन उभी राहिली आणि टेबल कुठल्या भिंतीला लावायचं ते ठरवून आली. आयुष्यात तिने स्वतःसाठी मागितलेली ही पहिली खुर्ची.

डिसेंबरात एका सकाळी नेमेसियो बायकोला घेऊन तिच्या दारात आला. आता तो ट्रकवाला झाला होता, पोट सुटलं होतं, जीभ होती तशीच, मधात बुडवलेली. हातात विणलेल्या कापडात कोकाची पानं. पानं घेऊन कुणी दारात आलं की ते काहीतरी मोठं मागायला आलंय, हे सांगावं लागत नाही.

"कोमाद्रे, पुढच्या वर्षाची पाळी तुझ्या घरावर टाकायची असं चाललंय," तो म्हणाला. "तू आणि फेर्मिन. फेर्मिनची बायको गेली, तुला नवरा नाही. भाऊबहीण मिळून गावाचे आईबाप व्हा. चालतं, म्हातारी माणसं म्हणतात चालतं."

कासिल्दाने हातातला वाडगा खाली ठेवला. तरी ती हिशेबनीसच. तिने विचारलं, "आणि कारखान्याची जागा?"

"यंत्र अजून आलंय कुठं? समुद्रापलीकडंच आहे. वर्ष जाईल. आणि खरं सांगू? ज्यानं पाळी केली नाही त्याला गाव पगार देताना दहादा विचार करेल. आधी मान घे. वर्ष संपलं की खुर्ची तुझीच, हे मी कोंपाद्रे म्हणून सांगतो."

"आणि वर्षभर माझी कामं?"

पाळीच्या वर्षात दुसरा धंदा करता येत नाही, हा नियम. नेमेसियोच्या बायकोने हळूच सांगितलं की लिंबर्त ओरुरोहून शिकून आलाय, नुसता घरी बसलाय, आणि धर्मआईचं काम धर्मलेकाने नाही सांभाळायचं तर कुणी. वर्षभरापुरतं.

कासिल्दाने दोन्ही हात पुढे करून पानं घेतली. हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की माणूस खाली बघत नाही. आणि हे झाड तर तिने आयुष्यभर लांबून पाहिलेलं.

ते वर्ष तिने कसं काढलं म्हणता! लामा विकल्या. एक एक करून नव्हे, कळपच विकला. कार्निव्हलला सगळ्या गावाला दोन दिवस जेवण, वाजंत्री चाल्यापाताहून मागवलेली. ऑगस्टमध्ये धरणीमातेची पूजा, त्याचा खर्च वेगळा. फेर्मिनला पोंचो इतका आवडला की तो झोपतानाही काढेना. कासिल्दा म्हणायची, गावाच्या बापाला आधी कुणीतरी आंघोळ घाला. शिवा चालायला निघाली तेव्हा गुडघ्यांना तिने कापड बांधलं आणि डोंगरावरच्या प्रत्येक दगडाच्या ढिगापाशी थांबून दारू शिंपडली. ज्या बायकांनी एके काळी तिला पाहून दारं लावली होती, त्या आता टोपी काढून "आई" म्हणायच्या. दोन भाऊ एका आंधळ्या गाढवावरून भांडत आले. तिने गाढव मध्ये उभं केलं आणि म्हणाली, ज्याच्या हातचं खाईल त्याचं. गाढवाने दोघांचंही खाल्लं. मग तिने ते त्यांच्या आईला देऊन टाकलं. हा निवाडा गावाला इतका आवडला की तो अजून सांगतात.

लिंबर्त तिची कामं करत होता. दर रविवारी तिच्याकडे जेवायला यायचा आणि अडलेलं विचारून जायचा. पोराचा हात चांगला होता, जरा घाईचा. ती त्याला खळ्याची रीत शिकवत होती, मेव्हण्याची पोती कशी विचारायची, कुठल्या घरात आधी सासूला नमस्कार करायचा, कुठला माणूस खरं फक्त चालताना बोलतो म्हणून त्याच्याबरोबर शेतापर्यंत चालत जायचं. बावीस वर्षांत पायांनी शिकलेलं तिने त्याच्या ताटात वाढलं.

मृतांच्या सणाला तोरिबिया आजी तिच्या शेजारी बसली होती. गावातली सर्वांत म्हातारी बाई, कानाने जवळजवळ बहिरी. ती म्हणाली, "आता तू वर चढलीस, पोरी. वरून खाली उतरता येत नाही."

कासिल्दा हसली. आजी गावच्या पायऱ्यांबद्दल बोलतेय हे तिला कळलं होतं. गावाचा आईबाप झालेला माणूस पुन्हा पाटाचं पाणी वाटायला किंवा शाळेच्या किल्ल्या सांभाळायला बसत नाही, हे तिलाही लहानपणापासून ठाऊक होतं. तो वडीलधारा होतो, बसून सल्ला देतो. पण हिशेब ही काही गावची पायरी नव्हे. तो तिचा धंदा, तिने परगावी जाऊन शिकलेला. असं तिला वाटत होतं. इतकी वर्षं शिक्का खिशात घालून हिंडली, आणि गाव कशाला पायरी म्हणेल हे गावच ठरवतं, एवढंच विसरली.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी शाळेच्या मैदानात सभा भरली. यंत्र येऊन पोहोचलं होतं. गावाची आई म्हणून सभेच्या मधोमध कासिल्दाच बसली होती, शाल, टोपी, गाठोडं सगळं अंगावर. पाळी सोपवण्याआधीचं शेवटचं काम कारखान्याच्या जागेवर माणूस निवडणं. ज्याला निवडायचं त्याच्यामागे रांग लावून उभं राहायचं, ही आपली रीत. चिठ्ठी नाही, हात नाही. माणसाने आपल्या पायांनी चालत जायचं आणि सगळ्यांसमोर उभं राहायचं.

कुणीतरी म्हणालं, उमेदवार कोण? कासिल्दा उठायला लागली, तेवढ्यात नेमेसियो पुढे आला. टोपी छातीशी धरून त्याने आधी तिला वाकून नमस्कार केला.

तिने गावासाठी किती केलं ते तो सांगत राहिला. कार्निव्हलचं जेवण, शिवेवरचे दगड, गाढवाचा निवाडा; लोक हसले, काहींनी टाळ्या वाजवल्या. मग त्याचा आवाज खाली आला. "अशी ही आपली आई. तिला आपण उद्या खिडकीत बसवून पावत्या फाडायला लावायचं? शेजारच्या गावांत तोंड कसं दाखवायचं? आईनं आता बसावं. पोरांनी राबावं. माझा लिंबर्त आहे, वर्षभर सगळं करतोच आहे."



"कोंपाद्रे," कासिल्दा म्हणाली, "मागच्या डिसेंबरात माझ्या चुलीपाशी बसून तू काय बोललास?"

"बोललो होतो," नेमेसियो म्हणाला. तो नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं. "पण मी एकटा बोललो होतो, कोमाद्रे. गाव काय म्हणतं, ते गावच सांगेल ना."

"हिशेब गावची पायरी नाही. माझा धंदा आहे तो."

"पगार गाव देणार, मग पद गावचंच की." हे कुणीतरी मागून म्हणालं, आणि ज्याने म्हटलं त्याचे कर माफ व्हावेत म्हणून तिने एकदा सलग तीन वेळा ओरुरोला खेपा घातल्या होत्या. माणसं खाल्ल्या मिठाला जागतात म्हणतात. आपल्या दाराशी तर मिठाचं वाळवंटच पसरलंय.

कासिल्दाने लिंबर्तकडे पाहिलं. पोरगा आपल्या नव्या बुटांकडे बघत होता.

"तुला माहीत होतं?"

"बाबांनी मार्चमध्ये सांगितलं, धर्माई."

मार्चपासूनचे सगळे रविवार कासिल्दाच्या डोळ्यांसमोरून गेले असणार. मटणाचा मोठा तुकडा ती त्याच्या वाडग्यात घालायची. ती मैदानाच्या एका कडेला जाऊन उभी राहिली. दुसऱ्या कडेला बापाने लिंबर्तला दंडाला धरून उभं केलं.

मग लोक चालायला लागले.

आधी नेमेसियो आणि त्याची बायको मुलामागे गेले. ते समजण्यासारखं होतं. मग ट्रकमध्ये फुकट माल घालणारे गेले. मग मेव्हण्याच्या पोत्यांवाली घरंच्या घरं. जाताना प्रत्येक जण कासिल्दाच्या बाजूने वळसा घालून जायचा, टोपी काढून वाकायचा, आणि मग समोर जाऊन उभा राहायचा. नमस्कार चुकवला नाही कुणी. शिव्या दिल्या असत्या तर तिला कुठे दुखतंय ते तरी कळलं असतं.

आंधळ्या गाढवाचे दोघे भाऊ गेले. एकत्र गेले, कित्येक वर्षांत पहिल्यांदा.

फेर्मिन मधोमध उभा होता. पोंचो अंगावर, चाबूक खांद्यावर, गावाचा बाप. त्याच्याकडे सगळे बघत होते. तो बहिणीकडे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, आईबापांना गावाच्या बाजूला उभं राहावं लागतं गं." आणि गेला. पुढे कळलं की नेमेसियोने त्याला ट्रकवर कामाला घेण्याचं कबूल केलं होतं. पण त्या क्षणी कासिल्दाला ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसल्यामुळे काही हलकं झालं असेल असं वाटत नाही.

तिच्यामागे मास्तर उभा राहिला, तो परगावचा, त्याला रांगेत मोजत नाहीत. वरच्या वाडीची एक विधवा उभी राहिली. आणि तोरिबिया आजी आली, तिच्यामागे उभी राहिली, आणि बराच वेळ झाल्यावर तिने विधवेला विचारलं की जेवण वाढायला एवढा उशीर का. हे ऐकून पहिल्यांदा कासिल्दा हसली, आणि हसता हसता तिला टोपीची कड डोळ्यांवर ओढून घ्यावी लागली.

तेवढ्यावर भागलं नाही. निवडलेल्या माणसाला शपथ देणं हे गावाच्या आईचं काम. शपथ द्यायला नकार दिला तर पाळी मोडली असं धरतात, वर्षभराचं सगळं पुण्य पाण्यात. लोक वाट पाहत होते. नेमेसियोने तर शपथेनंतर डोक्यावर उधळायचे रंगीत कागदाचे तुकडे घरूनच आणले होते. एवढी तयारी त्याने केव्हा केली हे विचारायला आता अर्थ नव्हता. कासिल्दा लिंबर्तसमोर उभी राहिली. त्याने दोन बोटांचा क्रूस केला. गावाची चोरी करणार नाहीस, आळस करणार नाहीस, खोटं बोलणार नाहीस, हे शब्द तिने एकेक करून विचारले, आणि तिसऱ्याला जराशी थांबली. पोराने हो म्हटलं. तिने त्याच्या केसांवर कागदाचे तुकडे टाकले, ज्या केसांची पहिली बट तिनेच कापली होती. मग खाली बसली आणि पाळी पुढच्या वर्षाच्या जोडप्याकडे सोपवून घरी गेली.

गोष्ट इथे संपली असती तरी चाललं असतं. पण माणसं पुरती निर्लज्ज व्हायला थोडा वेळ घेतात.

पंधरा दिवसांत तिच्या दारात माणसं यायला लागली. हातात कागद. हे जरा बघ, आई. कारखान्यात लिंबर्त म्हणतो असं, तुझं काय मत? पहिल्याला तिने बघून दिलं. तो उठला, टोपी घातली आणि निघाला. ना चीज, ना बटाटे. तिने दोन शब्दांत सुचवलं, तर तो खरंच गोंधळला. म्हणाला, "आई, वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याचे पैसे कुठं असतात?" त्याच्या डोळ्यांत फसवणूक नव्हती. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि तेच सर्वांत वाईट होतं. आजूबाजूच्या वाड्यांत ती सायकल घेऊन गेली, तर तिथेही लोकांनी आधी चटई झटकून तिला मानाच्या जागी बसवलं आणि मग सांगितलं की आता कागद लिंबर्त बघतो, तुम्हाला कशाला त्रास, तुम्ही गावाच्या आई. मान तिच्या पुढे पुढे धावत जाऊन प्रत्येक दार लावत होता.

फेब्रुवारीत लिंबर्त स्वतः आला. संघाचा वर्षाचा जमाखर्च बांधायचा होता आणि मजुरीच्या रकान्यात तो अडकला होता. दारातच उभा राहून म्हणाला, "धर्माई, एवढंच दाखव. शिक्का माझा चालेल, तू नुसतं सांग."

कासिल्दा वळकटी बांधत होती. तिने गाठ पुरी केली, तिला दोनदा ओढून पाहिलं, आणि त्याला म्हणाली की दार लावून घे, धूळ येतेय. तो बाहेर राहिला की आत, हे तिने पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात ती गेली. फेर्मिनने तिला चाल्यापातापर्यंत नेमेसियोच्याच ट्रकमधून सोडू का विचारलं. ती सायकल ढकलत पायी गेली. गाव म्हणायला लागलं, आपली आई जरा विश्रांतीला गेली, पूर्वेकडच्या उबदार खोऱ्यात. गावाला अजून तसंच वाटतं. कुणी चौकशी केली की मोठ्या मायेने सांगतात.

पूर्वेकडच्या खोऱ्यात बटाटे पिकतात. तिथली भाषा वेगळी, कासिल्दाला अर्धी येते. तिथल्या शेतकऱ्यांचाही नुकताच संघ झालाय. पहिल्या घरी ती गेली तेव्हा चुलीपाशी बसलेल्या म्हाताऱ्याने तिला खालपासून वर न्याहाळलं. हिशेब करायला बाई कुठून आली, कुणाची कोण, एवढं वय झालेली बाई कामाला कशी फिरते, असं सगळं त्याच्या नजरेत होतं.

"तिकडं तुमच्या गावात काय होता तुम्ही?" त्याने विचारलं. "पाळीबिळी केलीत का काही?"

कासिल्दाच्या कळपाचे पैसे त्या एका वर्षात गेले होते. सगळ्या गावाने तिला टोपी काढून नमस्कार केला होता. चढायची म्हणून आयुष्यभर वाट पाहिलेली ती एकच पायरी होती.

"नाही," ती म्हणाली. "मी काही केलेलं नाही. तिकडं मला पोरच म्हणतात."

म्हाताऱ्याचा चेहरा सैल झाला. त्याने पायाने बुटकं स्टूल तिच्याकडे सरकवलं, आणि ती बसली.